पाच थाऊची मोकळीक

उकंडरावांचा बेडफर्ड ट्रक चौतीस वर्षांनी बद्रुद्दीन मिस्त्रीच्या दारात पुन्हा आला, तो ट्रॅक्टरच्या मागे दोराला बांधून. जानेफळच्या वेशीपासून घरापर्यंत दोनदा दोर तुटला होता. एका हेडलाइटच्या खोबणीत चिमणीचं जुनं घरटं होतं आणि बोनेटवर कोंबड्यांनी वर्षानुवर्षं बसून केलेली घाण वाळून पांढरी झाली होती.

उकंडराव आता नव्हते. त्यांचा मुलगा राम ट्रॅक्टरवरून उतरला आणि ओट्यावर येऊन टेकला.

"चाचा, मी दुसरबीडले रोडावर हॉटेल टाकून राह्यलो. बाबाचा फोटो आत लावतो अन् बाबाची गाडी भायेर उभी करतो. पन नुसता सांगाडा नाही पाह्यजे. उद्घाटनाच्या दिवशी स्टार्ट झाली पाह्यजे."

"माहे हात थरथरतात आता, राम."

"हात थरथरू द्या. कान तर शाबूत हाये ना? बाबा म्हनत, बद्रूनं इंजिन बांधलं का पाह्यचं काम नाही."

सून गुलनाजने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. बद्रुद्दीनची नजर बोनेटवर होती. आतलं इंजिन त्यानेच बांधलं होतं, आणि ते बंद पडल्यापासून कोणी उघडलं नव्हतं. म्हणजे आत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याला फक्त शंका होती, आणि ती शंका तो चौतीस वर्षं दाताखाली खडा धरावा तशी धरून बसला होता.

गोष्ट तशी केसाएवढी होती. पिस्टन सिलिंडरमध्ये अगदी चिकटून बसवून चालत नाही. तापला की तो फुगतो, त्याला फुगायला जागा लागते. या इंजिनाला ती पाच थाऊ लागते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा एक केस तीनेक थाऊ भरतो. दोन केसांहून कमी जागा, पण तेवढी नसेल तर लोखंड माफ करत नाही.

त्या काळी बद्रुद्दीन जे पिस्टन वापरी त्यांच्यावर ठोकलेला आकडा सिलिंडरचा असे. मोकळीक कंपनीनेच दिलेली असे, पिस्टन तेवढा बारीक करून. लेथवाल्याला आकडा सांगायचा, तेवढं सिलिंडर कातून घ्यायचं, संपलं. १९९० सालच्या वैशाखात तो माल कुठेच मिळेना, म्हणून त्याने अकोल्याहून दुसऱ्या कंपनीचे सहा पिस्टन आणले. यांच्यावरचा आकडा खुद्द पिस्टनचा होता. पाच थाऊ आपण मिळवायचे होते. बद्रुद्दीनने लेथवाल्याला सवयीने आकडा सांगितला आणि सवयीने घरी आला.

पिस्टन बसवताना ते घट्ट जात होते. त्याला बरं वाटलं. या भागात घट्ट इंजिन ही चांगल्या मिस्त्रीची खूण समजत. स्टार्टरने फिरेना, तर ट्रॅक्टरने ओढून चालू करायचं, आणि मालकाने चार लोकांत मिशीवर हात फिरवून सांगायचं, "असं बांधलं का ट्रॅक्टरले घाम आला." उकंडरावांनीही सांगितलं. बद्रुद्दीनकडे त्या इंजिनाचं इंग्रजी पुस्तक होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन तो ते वाचायचा, आणि मिस्त्री असून पुस्तक वाचतो म्हणून ट्रकच्या अड्ड्यावर त्याची टिंगल व्हायची. मोकळीक कशी द्यायची ते त्यात लिहिलेलं होतं. नेमकं त्या आठवड्यात त्याने पुस्तक उघडलं नव्हतं.

बाराव्या दिवशी मलकापूरहून सिमेंट भरून येताना, राजूरच्या घाटात, भर दुपारी इंजिन जागच्या जागी जाम झालं. गाडी मागे घसरली आणि कठड्याला टेकून थांबली. माणूस कोणी गेला नाही. ड्रायव्हर उत्तमराव खाली उतरले, चाकाला दगड लावला, आणि लोकांनी येऊन रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाण्याचा थेंब नव्हता. जाम होताना पाणी उकळून उडालं, की आधीपासूनच नव्हतं, हे रेडिएटर सांगत नाही.

मेहकरच्या अड्ड्यावर सगळ्यांसमोर उकंडरावांनी विचारलं, "पानी पाह्यलं होतं?"

"पाह्यलं होतं. घाटाच्या खाली."

"मंग गेलं कुठं?" उकंडराव बद्रुद्दीनकडे वळले. "मिस्त्री, तुमचं काय म्हननं?"

बद्रुद्दीन म्हणाला, "पानी नसलं का असंच होते."

वाक्य खरं होतं. पाणी नसलं की असंच होतं. उत्तमरावांची नोकरी त्या वाक्यावर गेली. पुढे त्यांना कोणी गाडी दिली नाही. दुसरबीडला सासुरवाडीच्या वावरात भाजीपाला लावून त्यांनी दिवस काढले, पण नाव मागोमाग गेलं. लग्नात पंगतीला बसले की वाढणारा म्हणे, "उत्तमराव, पानी पाह्यलं काय?" आणि पंगत हसे. ज्यांनी बेडफर्ड कधी पाहिला नाही अशांनाही ते वाक्य पाठ होतं.

महिनाभराने अकोल्याच्या दुकानदाराने सहज सांगितलं, "मिस्त्री, त्या पिस्टनले पाच थाऊ आपून टाकायचे असतात बरं." त्या दिवसापासून बद्रुद्दीनला एकच आशा उरली. मेहकरचे लेथवाले चाचा जुने जाणते होते. त्यांनी न सांगताच पाच थाऊ जास्त कातले असतील. विचारायला मेहकर काय लांब होतं? पण तो गेला नाही. नंतर चाचा वारले आणि विचारायचं राहिलं. बरंच झालं, असंही तेव्हा त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

आता इंजिन उघडायचं होतं.

पिस्टन गंजून सिलिंडरला धरले होते. आठ दिवस डिझेल ओतून मुरवत ठेवले, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एकेक खाली उतरवला. सहाही पिस्टन चहूबाजूंनी ओरबाडलेले होते. त्यावरून काही कळत नव्हतं; पाणी संपल्यावरही ते असेच ओरबाडतात. कळणार होतं ते सिलिंडरच्या खालच्या काठाशी. तिथवर पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत, तिथलं लोखंड झिजत नाही. लेथने शेवटचं जे माप दिलं ते तिथे जसंच्या तसं राहतं.

बद्रुद्दीनने चष्मा पुसला आणि पहिलं सिलिंडर मोजलं. मग पिस्टनवरचा आकडा वाचून वजाबाकी केली. दीड थाऊ; तेवढी तर शेवटी घासून गुळगुळीत करतानाच सुटते.

त्याने दुसरं मोजलं, तिसरं मोजलं. सहाही मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली. हात थरथरत होते म्हणून माप चुकत असेल, असं समजून त्याने गुलनाजला बोलावलं आणि तिच्या हातात मायक्रोमीटर दिला. "यहाँ पे कौनसी लकीर आई, पढ़ो."

तिने वाचलं. तेच माप.

"क्या हुआ, अब्बा?"

"कुछ नहीं. पिस्टन ढूँढने पड़ेंगे."

लेथवाल्या चाचांनी एक कणही जास्त कातला नव्हता. सांगितलं तेवढंच काम करणारा प्रामाणिक माणूस होता तो.

पुढचे तीन महिने पिस्टनच्या शोधात गेले. ओरबाडलेलं सिलिंडर आता वरच्या, मोठ्या मापाला कातावं लागणार होतं, आणि त्या मापाचे पिस्टन कोणी करत नव्हतं. बद्रुद्दीन जालन्याच्या भंगार बाजारात जाऊन आला. अकोल्याचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं. गुलनाजने जुन्या गाड्यांच्या लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकले. मालेगावहून कोणी पिस्टन दाखवले, त्यांची पिन जाड होती. नांदेडहून आले ते बोटभर बुटके निघाले. एकाने तर कलकत्त्याहून उत्तर दिलं की चारच आहेत, दोन आपटून फुटले.

प्रत्येक 'नाही' आलं की राम हळहळे, आणि बद्रुद्दीनला आतून सुटल्यासारखं वाटे. पिस्टन मिळत नाहीत तोवर सिलिंडर कातलं जाणार नव्हतं. ते कातलं जात नाही तोवर माप जागेवर होतं. आणि माप जागेवर आहे तोवर उत्तमरावांना बोलावून दाखवता येणार होतं. उद्या बोलावू. परवा बोलावू. रामला आधी सांगावं की उत्तमरावांना? फोनवर सांगावं की जाऊन? तो रोज सकाळी ओसरीवर ठेवलेल्या, सहा सिलिंडरच्या त्या लोखंडी ब्लॉकवरची गोणपाटाची झूल काढी, आत बोट फिरवी, आणि पुन्हा झूल घाली.

मग खामगावचा पत्ता लागला. तिथे एक पार्टचं दुकान वीस वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. मालक वारले होते आणि उरलेला माल त्यांच्या पत्नीने, केसरबाईंनी, घराच्या माळ्यावर ठेवला होता. ऐंशीच्या पुढच्या त्या बाईंनी बद्रुद्दीनला आत घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "घ्या पाहून. मले त्यातलं काही समजत नाही. ते म्हनत, एक दिवस गिऱ्हाईक येईन."

तेलाच्या कागदात गुंडाळलेले पाच पिस्टन निघाले. माप तेच, पिन तीच. कंपनीही तीच, तेव्हा अकोल्याहून आणलेल्या पिस्टनची.

"यात पाचच हाये, बाई."

"सहावा असन इथंच." केसरबाई आतल्या खोलीत गेल्या. देवाऱ्यापुढे पिस्टन पालथा ठेवलेला होता आणि त्याच्या तेलाच्या भोकात उदबत्ती जळत होती. त्यांनी ती काढून समईच्या कडेला खोचली, पिस्टनवरची राख पदराने झटकली. "देवाचा हाये. पन तुमच्या कामाचा असन तर न्या. देव काही अडून बसत नाही."

बद्रुद्दीनने तो दोन्ही हातांत घेतला. बसमध्ये सहाही पिस्टन मांडीवर घेऊन बसला. एकाला उदबत्तीचा वास येत होता. त्याला वाटलं, आता देवालाही घाई झालेली दिसते.

राम दुसऱ्याच दिवशी ब्लॉक टेम्पोत घालून मेहकरला घेऊन गेला. लेथ आता चाचांचा मुलगा शाकिर चालवत होता. त्याने ब्लॉक मशीनवर चढवला, पक्का केला, आणि वर पाहिलं.

"चाचा, किती द्यू?"

"पिस्टनचा जो आकडा हाये, त्यावर पाच थाऊ. पाच मिळवायचे, शाकिर. विसरू नको."

"अब्बा म्हनत होते, बद्रू मिस्त्री सांगन तेवढंच कापायचं, तो पुस्तक वाचून येते." शाकिर हसला. "सुरू करू?"

हीच ती वेळ होती. दुसरबीड तासाभराच्या रस्त्यावर होतं. 'थांब, एका माणसाला बोलावतो' एवढंच म्हणायचं होतं. राम शेजारीच उभा होता, त्याच्या हाती मायक्रोमीटर देऊन 'हे वाच' म्हणायचं होतं. बद्रुद्दीनने तोंड उघडलं. शाकिर वाट पाहत होता, रामचा फोन वाजत होता, दारात दुसऱ्या गिऱ्हाइकाची मोटरसायकल येऊन थांबली होती. एवढ्या लोकांत ते शब्द कुठून सुरू करायचे, तेच त्याला सुचेना.

"कर," तो म्हणाला.

काळी भुकटी झरझर खाली पडू लागली. एकेक सिलिंडर आतून चांदीसारखं निघत गेलं. दुपारपर्यंत सहाही झाली. शाकिरने ब्रशने भुकटी लोटून कोपऱ्यातल्या डब्यात टाकली.

काम उत्तम झालं होतं. नवा पिस्टन आत सोडला तर तो आपल्या वजनाने सावकाश खाली उतरत होता. असाच उतरायला पाहिजे, असं पुस्तकात लिहिलं होतं.

दोन दिवसांनी बद्रुद्दीन एकटाच एसटीने दुसरबीडला गेला. उत्तमराव रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसले होते. त्यांची मुलगी छाया तराजू लावत होती.

"अरे, बद्रूभाई. या, या. छाया, चाचाले बसाले दे काही."

बद्रुद्दीन पालथ्या क्रेटवर बसला. घरून ठरवून आणलेलं एकही वाक्य आठवेना. शेवटी तो मेथीकडे पाहतच बोलला.

"उत्तमराव, घाटात तुमची चूक नव्हती. पिस्टन मीच घट्ट बसवले होते. पाच थाऊ जागा पाह्यजे होती, दीडच होती. पानी असतं तरी इंजिन जाम झालंच असतं."

उत्तमरावांनी हातातल्या जुडीवर पाणी शिंपडलं. मग हसले. "रामनं धाडलं काय तुमाले?"

"नाही."

"धाडलंच असन. तो आला होता परवा. म्हने, काका, उद्घाटनाले या, जुनं विसरा. मी नाही म्हनलो. मंग तुमाले धाडलं."

"कुरानची कसम, उत्तमराव. मी मोजलं. माह्या हातानं मोजलं."

"मंग दाखवा ना माप. चला, आत्ता चला."

"ते आता नाही राह्यलं. कापलं गेलं. नवे पिस्टन बसवासाठी."

"कोनं कापलं?"

"मीच सांगतलं कापाले."

उत्तमरावांनी मान हलवली, लहान मुलाची थाप ऐकून मोठी माणसं हलवतात तशी. "तुमी पहिल्यापासून भला मानूस, बद्रूभाई. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेता. पन मले आता कशाले समजावता? माही चूक हाये, मले माहीत हाये."

"पन तुमी तर म्हनत होते, पानी पाह्यलं."

"म्हनत होतो." उत्तमरावांनी ओला हात धोतराला पुसला. "पहिली दहा-पंधरा वर्षं मले साफ दिसे. झाकन तापलेलं होतं, लाल फडक्यानं उघडलं, पानी गळ्यापर्यंत होतं. मंग लोकं इतके वर्षं म्हनत राह्यले ना, का ते पुसून गेलं. आता डोये मिटले का झाकन बंदच दिसते. मी त्याच्या बाजूनं बीडी पेत उभा हाये अन् झाकन बंद." ते छायाकडे वळले. "हिच्या मायले मरताना सांगतलं मी. म्हनलो, कौशल्या, मी नव्हतं पाह्यलं बरं. तुले जन्मभर खोटं सांगतलं."

छायाने तराजूचा काटा उगाच सरळ केला. बद्रुद्दीनला बोलायचं होतं, पाणी होतं, लाल फडकं होतं, तेच खरं होतं. पण कसं सांगणार? तो तिथे नव्हता. जे त्याच्याजवळ होतं ते शाकिरच्या डब्यात भुकटी होऊन पडलं होतं.

"बसा, चहा सांगतो," उत्तमराव म्हणाले. बद्रुद्दीन उठला तेव्हा त्यांनी मेथीच्या दोन जुड्या त्याच्या पिशवीत घातल्या. "सूनबाईले द्या. आजच तोडली. अन् रामले म्हना, येतो मी. तुमी एवढे चालून आले त बरं नाही दिसत नाही म्हननं."

बद्रुद्दीनने रामलाही सांगून पाहिलं. राम मंडपवाल्याशी बोलत होता. "चाचा, बाबा गेले, गाडी मी नवी करून राह्यलो," तो म्हणाला. "आता काऊन उकरता? चांगल्या दिवशी चांगलं बोला."

उद्घाटनाच्या सकाळी बेडफर्ड हॉटेलसमोर उभा होता, निळा रंग, बोनेटवर झेंडूचा हार. रामने बद्रुद्दीनला हात देऊन चढवलं आणि चावी त्याच्या हातात दिली. बद्रुद्दीनने स्टार्टर दाबला. ट्रॅक्टर लागला नाही, दोर लागला नाही. अर्ध्या फेरीत इंजिन लागलं आणि असं एकसारखं चालू लागलं की गर्दीतल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी म्हणालं, "याले म्हनतात हात. तेव्हाही मिस्त्रीचं काम असंच होतं, त्या डायवरनं वाट लावली."

उत्तमराव गर्दीच्या कडेला धुतलेलं धोतर नेसून उभे होते. कोणाचं तरी लक्ष गेलं. "उत्तमराव, पानी पाह्यलं काय?"

लोक हसले. उत्तमरावही हसले. मग ते खरंच पुढे आले, खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला, आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. आत बोट बुडवलं. पाणी गळ्यापर्यंत होतं. त्यांनी झाकण लावलं, दोन पावलं मागे सरकले, आणि पुन्हा पुढे येऊन उघडलं.

"पानी होतं," बद्रुद्दीन वरून म्हणाला. "तेव्हाही होतं, उत्तमराव."

इंजिन मोठ्याने चालत होतं, हसणंही थांबलं नव्हतं. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने, पण त्याचा आवाज कधीच एवढा मोठा नव्हता. रामने खालून हात हलवला, बाबांच्या फोटोला नारळ फोडायचा होता.

उत्तमरावांनी ओलं बोट पंच्याला पुसलं, झाकणावर तळवा ठेवून ते बसलंय का पाहिलं, आणि गर्दीत जाऊन उभे राहिले. तिथून ते झाकणाकडेच पाहत होते. थोड्या वेळाने ते तिसऱ्यांदा गाडीकडे येऊ लागले.